औषध भरलेल्या सच्छिद्र मायक्रोस्पंजचे कण गोल येत नाहीत, पीव्हीए वाढवू का?

पीव्हीएला, म्हणजे थेंब चिकटू नयेत म्हणून पाण्यात घालतो त्या पदार्थाला, हात लावू नका. आधी बीकरमध्ये थर्मामीटर घाला.

तुम्ही नागपुरात एम.फार्म करताय, युड्राजिट आरएस १०० हा पॉलिमर डायक्लोरोमिथेन या द्रावकात विरघळवून पाण्यात ढवळताय आणि कण सुरकुतलेले, एकमेकांना चिकटलेले येतात, एवढं लिहिलंय. महिना नाही लिहिला. पैज लावते, एप्रिल नाहीतर मे. डायक्लोरोमिथेन ४० अंशांच्या आतच उकळतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो, डिस्टिल्ड वॉटरचा कॅनसुद्धा गरम असतो. द्रावक थेंबातून हळूहळू बाहेर पडलं तर त्याच्या वाटांची छिद्रं होतात, औषध त्यांतूनच सावकाश सुटतं. इथे ते भसकन उडतं, थेंबावर आधीच साय धरते आणि आतला भाग मागून आक्रसतो.

माझ्या फ्लुकोनॅझोलच्या (बुरशीवरचं औषध) बॅचेस अशाच बिघडायच्या. गाइड म्हणाले, आरपीएम, म्हणजे ढवळण्याचा वेग, वाढव. वाढवला. कण बारीक झाले, गोल काही होईनात. मग म्हणाले, पीव्हीए वाढव. बीकरभर फेस झाला आणि गाळताना फिल्टर पेपर चोंदला. मी गरमीचं नाव काढलं की ठरलेलं उत्तर, "आमच्या वेळी लॅबमध्ये पंखासुद्धा नव्हता." त्यांच्या वेळी ते गोळ्या बनवत होते, पण ते कोण बोलणार! (कूलर होता, पण केबिनमध्ये.) शेवटी लॅबचे काका म्हणाले, "काहून डोकं लावून राहिली बाप्पा, सकाळी लवकर ये, बर्फ आणून ठेवतो." रसवंतीवरून आणलेल्या त्या बर्फात बीकर ठेवून पाणी विशीत आणलं. पॉलिमर तोच, आरपीएम तोच. मायक्रोस्कोपखाली गोल कण! सरांना स्लाइड दाखवली तर म्हणतात, "बघ, आरपीएम जमला." प्रबंधातही तेच छापलं गेलं, माझ्याच नावाने.

पीव्हीए फार कमी असेल तर कण चिकटतात, हे खरं. पण तापमान बांधल्याशिवाय ते कळणार कसं? शिवाय प्रबंधात सगळे मायक्रोस्पंज आणणाऱ्या वॉन यांच्या १९८७ च्या पेटंटचा दाखला देतात, तिथे मोनोमरपासून (सुट्या छोट्या रेणूंपासून) पॉलिमर घडवलाय. आपण तयार पॉलिमर विरघळवतो. त्या कणांशी आपले ताडून जीव जाळू नका.

हो, एक राहिलं. थंडीत डायक्लोरोमिथेन निघायला वेळ लागतो. कण घट्ट झाले की बर्फ काढा, पुढे ढवळत राहा, फ्यूम हूडमध्येच. उरलेलं द्रावक ६०० पीपीएमच्या आत हवं, गॅस क्रोमॅटोग्राफीवर (जीसी) तपासून घ्या. द्रावकच बदलायचं तर इथाइल अ‍ॅसिटेट ७७ अंशांना उकळतं, पण ते पाण्यात बरंच विरघळतं, म्हणजे सगळी जुळवाजुळव नव्याने.

आणि प्रयोगाच्या डिझाइनमध्ये तापमान हा स्वतंत्र घटक टाकाच. गाइड नाही म्हणाले तर नोंदवहीत प्रत्येक बॅचसमोर पाण्याचं तापमान लिहा आणि त्यावर त्यांची सही घ्या.