वेस्टर्न सिनेमात एवढं वाळवंट आणि एवढा गोळीबार का?

प्रश्न : मी आणि माझा पंधरा वर्षांचा मुलगा सध्या जुने वेस्टर्न बघतोय. जिकडेतिकडे रखरखाट, धूळ आणि धडाधड गोळ्या. या दोन गोष्टींचा काही संबंध आहे का, की नुसतं भारी दिसतं म्हणून? आणि एवढी हिंसा त्याला दाखवावी का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : संबंध आहे, आणि चांगलाच घट्ट आहे. वेस्टर्न म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या कथा, त्या बहुतेक वेळा तिथल्या यादवी युद्धानंतरच्या (१८६५ नंतरच्या) काळात घडतात, कायदा कुठेतरी लांब, पाणी त्याहून लांब, मग ज्याच्या हातात बंदूक त्याचंच चालतं. जॉन फोर्डचा ‘द सर्चर्स’ (१९५६) बघा. गोष्ट टेक्सासमधल्या गुरं पाळणाऱ्या एका कुटुंबाची, पण शूटिंग केलंय अॅरिझोना-युटाच्या सीमेवरच्या मॉन्युमेंट व्हॅलीत, त्या तांबड्या खडकांत गुरं खाणार काय हा प्रश्न आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला पडेल, पण त्या अफाट जागेत ते एकटं घर किती उघड्यावर आहे हे न सांगता कळतं. त्या घरावर कोमांची या तिथल्या मूळ रहिवासी जमातीचा होणारा हल्ला तर पडद्यावर दिसतच नाही, तरी त्याआधीची ती संध्याकाळ बघताना पोटात गोळा येतो.

‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ (१९६६) मध्ये एक जण दुसऱ्याला पाण्याच्या थेंबाशिवाय वाळवंटात चालवतो, तिथे मारायचं काम ऊनच करतं. पुढे सॅम पेकिनपाचा ‘द वाइल्ड बंच’ (१९६९) आला, तेव्हा व्हिएतनामचं युद्ध चालू होतं आणि हॉलिवूडची जुनी सेन्सॉरची नियमावली नुकतीच गेली होती, त्यामुळे रक्त खूप आहे, पण मला जास्त हादरवतं ते सुरुवातीचंच दृश्य, मुंग्यांच्या गराड्यात विंचू टाकून खिदळणारी लहान मुलं.

माझ्या मते या विषयावरचा सगळ्यात प्रामाणिक सिनेमा क्लिंट ईस्टवुडचा ‘अनफरगिव्हन’ (१९९२). त्यात पोटात गोळी लागलेला एक तरुण काउबॉय खडकांमध्ये पडून पाणी मागत राहतो, लगेच मरत नाही, आणि शेवटी गोळी घालणाराच त्या काउबॉयच्या मित्रांना ओरडून सांगतो की त्याला पाणी द्या, आम्ही गोळी झाडणार नाही. ऊन, खडक, तहान, सगळं आहे तिथे, आणि माणूस मारणं म्हणजे काय हे तिथे अंगावर येतं. धडाधड पन्नास माणसं पडतात त्या सिनेमांत हे कधीच कळत नाही, आणि मला तेच सिनेमे जास्त घातक वाटतात.

मुलाला ‘द सर्चर्स’ जरूर दाखवा, पण सोबत बसा. त्यात कोमांची लोकांचा राग दिसतो, त्यांची जमीन कोणी घेतली ते फारसं दिसत नाही, आणि त्या भूमिकांत बऱ्याच ठिकाणी मॉन्युमेंट व्हॅलीतलेच नावाहो, म्हणजे वेगळ्याच मूळ रहिवासी जमातीचे लोक उभे केलेत. हे त्याला सांगा, त्यावर त्याला काय वाटतं ते विचारा. ‘द वाइल्ड बंच’ आणि ‘अनफरगिव्हन’ अजून दोन-तीन वर्षांनी.