चीज राहू द्या, हप्ता थांबवा

एका वाचक भगिनींचं पत्र, थोडं आवरून:

"मी 39 वर्षांची, नवरा 41 चा. दोघंही नोकरी करतो, मुलगी 8 वर्षांची. आमचा शौक एकच, चांगलं चीज. दर महिन्याला पाच निरनिराळ्या तुकड्यांचा खोका घरी येतो, पैसे कार्डावरून आपोआप जातात. शनिवारी रात्री मुलगी झोपली की आम्ही दोघं लाकडी पाट मांडून बसतो. नवऱ्याच्या मते ही उधळपट्टी आहे. हेच पैसे 20 वर्षं 18 टक्क्यांनी गुंतवले तर जवळजवळ सहा वर्षांच्या कमाईएवढी रक्कम होईल आणि लवकर निवृत्त होता येईल, असं तो म्हणतो. चीज बंद करावं का? की खोक्याऐवजी चीजचं अख्खं चाक, म्हणजे न कापलेला मोठा गोल, घ्यावं? किलोमागे स्वस्त पडतं म्हणतात. बाकी आमची शिस्त चांगली आहे. नात्यातल्या एकांकडून नवऱ्याच्या नावे विम्याची पॉलिसी घेतली आहे. 12 वर्षं भरायचे, 20 व्या वर्षी दुप्पट मिळणार. दोन हप्ते झाले. दुसऱ्या वेळी हातात रक्कम नव्हती म्हणून कार्डावरून भरला. त्यातली थोडी बाकी आहे, पण मिनिमम कधीच चुकवलेलं नाही. तिसऱ्या हप्त्यासाठी दर महिन्याला बाजूला टाकतो आहोत."

सोबत त्यांनी सगळे आकडे दिलेत. ते मी घरातली महिन्याची कमाई 100 धरून बसवले आहेत, म्हणजे इतरांनाही आपापले घालून पाहता येतील. चीज 3. विम्याचा हप्ता वर्षाला 180. कार्डाची बाकी 110, व्याज महिना साडेतीन टक्के. हप्त्यासाठी महिना 15 प्रमाणे बचत खात्यात जमलेले 90.

ताई, चीज खा. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच.

आता यजमानांचा हिशेब. महिना 3, वीस वर्षं, 18 टक्के: साधारण 6,900 होतात. म्हणजे 69 महिन्यांची कमाई, तेव्हा गुणाकार त्यांनी बरोबर केलाय. पण 18 टक्के वीस वर्षं सलग कोण देणार आहे? हा आकडा कुठल्या तरी चांगल्या वर्षाचा असतो आणि लोक तो वीसदा लिहून काढतात. 10 टक्के धरा. 2,280 होतात. महागाई 6 टक्के धरली तर वीस वर्षांनंतरच्या त्या 2,280 ची आजची किंमत 700 च्या आसपास. सात महिन्यांची कमाई. हजारभर शनिवार द्यायचे आणि सात महिने आधी निवृत्त व्हायचं. हा सौदा मी तरी कुणाला सुचवणार नाही.

पण मला पत्र बाजूला ठेवून पाणी प्यावं लागलं ते "मिनिमम कधीच चुकवलेलं नाही" या वाक्याला. तुम्ही ते शाबासकीच्या अपेक्षेनं लिहिलंय. 110 वर साडेतीन टक्के म्हणजे महिन्याला 3.85 व्याज. चीजचे 3. तुमच्या घरी दर महिन्याला चीजपेक्षा महाग काहीतरी येतंय आणि त्याला चवसुद्धा नाही.

मिनिमम म्हणून तुम्ही बाकीच्या 5 टक्के, म्हणजे साडेपाच भरता. त्यातले 3.85 व्याजात जातात, मुद्दल हलतं 1.65 नी. कार्डावर पुढे एकही खरेदी केली नाही तरी या चालीनं बाकी निम्मी व्हायला पावणेचार वर्षं लागतील. आणि खरेदी तर तुम्ही करताय. मागची बाकी पूर्ण फेडली नाही की नव्या खरेदीवरचे बिनव्याजी दिवस सहसा बंद होतात, त्याच दिवसापासून व्याज लागतं. म्हणजे खोका दाराशी यायच्या आधीच त्याच्यावर मीटर सुरू. मिनिमम भरल्यानं कार्डकंपनी विलंब आकार लावत नाही, फोन करत नाही, एवढीच त्याची महती. कर्ज फेडण्यासाठी ती रक्कम ठरवलेलीच नसते.

त्याच वेळी बचत खात्यात 90 पडून आहेत. त्यांच्यावर वर्षाला 3 टक्के धरले तर वर्षभरात 2.70 मिळतील. तेवढ्याच 90 ची बाकी कार्डावर राहिली की एका महिन्यात 3.15 जातात. वर्षभराची मिळकत एका महिन्यात धुवून निघते, वर थोडं खिशातून. एका खिशात उधारी आणि दुसऱ्या खिशात रोकड, मध्ये फक्त "हे पैसे हप्त्याचे आहेत" अशी चिठ्ठी. पैशाला अशी चिठ्ठी वाचता येत नाही.

उद्या सकाळी 90 कार्डावर भरा. राहतील 20. पुढच्या महिन्यात हप्त्यासाठीचे 15 आणि एरवीचे साडेपाच, दोन्ही तिकडेच. किंचित काही उरलं तर त्याच्या पुढच्या महिन्यात. दोन-अडीच महिन्यांत कार्ड कोरं. तोवर ते कार्ड कपाटात आणि खोक्याची आपोआप वजावट बंद.

"मग हप्ता कशातून भरायचा?" हा तुमचा पुढचा प्रश्न मला आत्ताच ऐकू येतोय. भरायचाच नाही.

दुप्पट हा शब्द कानाला फार गोड लागतो, म्हणून तो कागदावर घेऊ. 180 बारा वर्षं म्हणजे 2,160. विसाव्या वर्षी 4,320. पहिला हप्ता वीस वर्षं अडकतो, बारावा आठ-नऊ वर्षं. सरासरी 14. चौदा वर्षांत दुप्पट म्हणजे किती टक्के? 72 ला 14 नी भागा. पाच. वीस वर्षं पैसे अडकवून पाच टक्के! ज्या महागाईचा मी वर 6 टक्क्यांनी हिशेब केला, तिच्याही मागे. आणि या पाच टक्क्यांच्या वस्तूचा दुसरा हप्ता तुम्ही महिना साडेतीन टक्क्यांच्या, वर्षाला चाळिसाच्या पुढे जाणाऱ्या उधारीनं भरलात. विकणाऱ्या गृहस्थांनी तेव्हा "थांबा" म्हटलं नाही, कारण त्यांचं कमिशन हप्ता आला की निघतं, तो कुठून आला हे त्यात विचारत नाहीत. नात्यातले आहेत म्हणून मी इथेच थांबतो.

बरं, निदान विमा तरी भरपूर आहे का? हप्त्याच्या दहापट, म्हणजे 1,800. उद्या यजमानांचं बरंवाईट झालं तर घराच्या अठरा महिन्यांच्या कमाईएवढी रक्कम. मुलगी 8 वर्षांची आहे. ती कमवायला लागेपर्यंत किमान चौदा वर्षं. शिवाय तुमच्या स्वतःच्या कमाईवर तर काहीच छत्र नाही, जणू तुमचा पगार घरात चुकून येतो. दोघांच्या नावे निखळ मुदतीचा विमा घ्या, ज्यात मुदत संपल्यावर काही परत मिळत नाही. "काही परत मिळत नाही" म्हणूनच तो स्वस्त असतो. तब्येत चांगली असेल तर प्रत्येकाला आपापल्या वर्षाच्या कमाईच्या दहा-बारा पटीचं छत्र घेऊनही दोघांचे हप्ते मिळून महिना 100 तल्या दोनेकांत बसायला हरकत नाही. जुन्या पॉलिसीला हात लावायचा तो हा विमा हातात पडल्यावरच.

जुनीचं काय करायचं ते सांगताना मी नेहमीच्या घाईनं "सरेंडर करा" म्हणणार होतो. पण तुम्ही एजंटांकडून दोन्ही आकडे मागवले होते, हे फार चांगलं केलंत. आत्ता मोडली तर 108 हातात. पेड-अप केली, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून भरलेले तसेच ठेवले, तर विसाव्या वर्षी 720. 108 चे अठरा वर्षांत 720 म्हणजे वर्षाला 11 टक्के. तेव्हा पेड-अप. कार्डासाठी 108 ची गरज असती तर गोष्ट वेगळी होती, पण ते काम तुमचे 90 करतायत. फक्त ते 720 कंपनीकडून लेखी घ्या, एजंटांच्या फोनवर राहू नका.

आणि "360 भरलेत, ते वाया जातील" म्हणून पुढे चालू ठेवायची कल्पना डोक्यातून काढा. पुढचे 1,800 भरून जास्तीचे 3,600 मिळतात, अठरा वर्षांनी. सरासरी तेरा वर्षांत दुप्पट, साडेपाच टक्के. मागचे गेले ते सही केली त्या दिवशीच गेले.

हप्त्याचे 15 आणि मिनिममचे साडेपाच, असे महिन्याला वीस मोकळे होतात. त्यातून विम्याचे दोन. बाकीचे अठरा आधी सहा महिन्यांचा घरखर्च साठेपर्यंत साध्या ठेवीत, मग मुलीच्या आणि तुमच्या म्हातारपणाच्या गुंतवणुकीत. यात चीजच्या तीनाला हात लावायची वेळ कुठेच आली नाही, हे यजमानांना दाखवा.

आता चीज. इथे मी पक्षपाती आहे, आधीच सांगतो. जुन्या पार्मेजानोचा, म्हणजे इटलीतल्या कडक, मुरवलेल्या चीजचा, तुकडा चावताना दाताखाली ते बारीक पांढरे कण कुरकुरतात ना, अनेकांना ते मीठ वाटतं. ते टायरोसिन या अमिनो आम्लाचे स्फटिक, चीज मुरताना प्रथिनं तुटत जातात त्यातून तयार झालेले. त्या कुरकुरीची किंमत तुम्ही मोजता, आणि ती कशाची हे मला हिशेबनीस म्हणून फार आवडतं. पार्मेजानो रेज्जानोच्या चाळीसेक किलोच्या एका चाकाला पाचशे लिटरच्या वर दूध लागतं. मग ते किमान 12 महिने, बऱ्याचदा 24 किंवा 36 महिने फळीवर बसतं. या काळात पाणी उडतं, वजन घटतं, कुणीतरी चाकं पुसतं, उलटवतं, आणि दुधाचे पैसे मात्र पहिल्याच दिवशी दिलेले असतात. चीज करणाऱ्याचं भांडवल फळीवर अडकलेलं. इटलीत एमिलिया भागातली क्रेडेम ही बँक 1953 पासून हीच चाकं तारण ठेवून कर्ज देते. चाकं बँकेच्या गोदामात मुरतात, इकडे कर्ज चालू राहतं. जुन्या चीजच्या भावात व्याज असतं ते असं. रोकफोर या मेंढीच्या दुधाच्या फ्रेंच चीजचं कारण वेगळं: मेंढी दूध थोडं देते आणि चीज तिथल्या कोम्बालू डोंगराच्या गुहांत मुरावं लागतं. म्हणून "हे एवढं महाग का" याचं उत्तर बहुतेकदा दूध आणि वेळ या दोन शब्दांत मिळतं. ते नसेल आणि नुसतंच खोकं देखणं असेल, तर पैसे खोक्याचे.

यजमानांना सांगून ठेवा, बँक तारण घेते म्हणून चाक ही गुंतवणूक होत नाही. बँक व्याज कमावते, चीजची जोखीम दुसऱ्याची. आणि अख्खं चाक घ्यायचा विचार तर सोडाच. चाळीस किलो, दोन माणसं, आठवड्यातून एक रात्र. एका बैठकीला दोघांनी मिळून पाव किलो फस्त केलं तरी 160 शनिवार, तीन वर्षं. कापलेलं चाक घरच्या फ्रीजमध्ये मुरत नाही, वाळतं.

वाचवायचंच असेल तर खोक्यात बघा. तुम्ही पत्रात मागच्या पानावर, कंसात, लिहिलंय की पाचातला एखादा तुकडा दर वेळी मागे राहून बुरसटतो. पाच घेऊन चार खाल्ले तर प्रत्येक खाल्लेला तुकडा सव्वापट महाग पडला. खोका पाठवणारा त्याच्याकडे काय आहे ते पाठवतो, तुम्हाला काय हवंय ते त्याला ठाऊक नसतं. खोका बंद करा, जिथे समोर कापून देतात तिथून दोन किंवा तीन तुकडे घ्या, चाखून. मऊ चीज एकच, तेही त्याच आठवड्यात संपेल एवढं. दुसरं कडक, ते आठवडे टिकतं. कडक तुकड्यावर बुरशी दिसली तर तिच्या भोवतालचा इंचभर भाग कापून टाकून उरलेलं खाता येतं. मऊ मात्र फेकायचं. माझा अंदाज, तीनाचे सव्वादोन होतील आणि शनिवार आहे तसाच राहील.

ताज्या कलमात तुम्ही विचारलंय, फ्रीजमधून काढल्या काढल्या चव का लागत नाही. थंडीत चरबी घट्ट असते, वास सुटत नाही. तासभर आधी बाहेर काढा. आणि उरलेलं प्लास्टिकमध्ये आवळू नका, मेणकागदात गुंडाळून वरून सैलसर डबा.