आईची टिकली

प्रश्न: ताई, बाबा जाऊन वर्ष झालं. आई परत टिकली लावायला लागली तर शेजारच्या काकू तिच्या तोंडावर म्हणाल्या, शोभत नाही. मी भांडले, तर मलाच उद्धट ठरवलं. माझं चुकलं का?

उत्तर: नाही गं, अजिबात नाही. टिकली ती लग्नाच्या कितीतरी आधीपासून लावतेय, मग नवरा गेल्यावर का पुसायची? कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये ठरावच केला, कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं सगळं बंद, आणि त्याच महिन्यात सरकारनेही परिपत्रक काढून बाकी ग्रामपंचायतींना हेच करायला सांगितलं. फक्त भांडायच्या आधी आईला विचार, तिला काय हवंय, कपाळ तिचं आहे ना. आणि संक्रांतीला घरीच हळदीकुंकू ठेव, पहिलं बोट आईच्या कपाळाला लाव.