इमेलमान घोटण्याआधी
सांगलीच्या आपल्या गटात तुम्ही नव्याने आला आहात, म्हणून आग्रहाने सांगतो, की डीसीएस या संगणकावरच्या लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरमध्ये शत्रूच्या विमानाशी भिडण्याआधी मोकळ्या आकाशात लूप (उभे पूर्ण वर्तुळ) आणि इमेलमान (वर अर्धा लूप घेऊन माथ्यावर विमान सुलटे करणे) घोटून घ्यावेत. लूपच्या माथ्यावर बहुतेकांचे विमान कोलमडते, कारण वेग उतरलेला असतानाही स्टिक पोटाशी ओढून धरलेली असते. भार 4 जी, म्हणजे नेहमीच्या वजनाच्या चौपट, झाला की स्टॉलचा वेग (ज्याखाली पंखांची उचल तुटते तो वेग) सरळ उड्डाणातल्यापेक्षा दुप्पट होतो, हे ध्यानात ठेवून विमान थरथरू लागताच ओढ किंचित सैल करावी. स्प्लिट-एसची घाई मात्र मुळीच करू नये: विमान उलटे करून खाली अर्धा लूप घेताना उंची झपाट्याने जाते, म्हणून दर वेळी सुरुवातीची आणि शेवटची उंची वहीत टिपावी. रडर पेडल (शेपटीचे सुकाणू पायांनी वळवायचे पेडल) नसतील, तर पिळता येणारी जॉयस्टिक सरावाला पुरते.