निविदा उघडण्याआधी, बिल निघाल्यानंतर

लहान शहरांच्या नगरपालिका खरेदी कशी करतात आणि बांधकामं कशी करून घेतात, या विषयावर आलेल्या पत्रांपैकी पाच इथे घेतली आहेत. माझी नोकरी अंदाजपत्रकं तपासण्यात आणि मोजमापं घेण्यात गेली. निविदा उघडायच्या दिवशी सभागृहात होणारी गर्दी मी खूप पाहिली. खरा खेळ त्या दिवसाच्या आधी नाहीतर नंतर होतो, आणि तेव्हा तिथे कुणी फिरकत नाही.

प्रश्न : सगळ्यात कमी दर भरणाऱ्यालाच काम का देतात? स्वस्तातलं काम वर्षभरही टिकत नाही.

'हा ठेकेदार चांगला आहे' असं म्हणून हवं त्याला काम देता येऊ नये, म्हणून हा नियम आहे. चांगलं कोण यावर वाद होतो, आकड्यावर होत नाही. पण नियम अर्धाच सांगितला जातो. पूर्ण नियम आहे तो 'पात्र ठरलेल्यांपैकी सर्वांत कमी दर'. म्हणून तर दोन लिफाफे असतात. पहिल्यातला अनुभव, यंत्रसामग्री आणि आर्थिक ताकद यांची छाननी झाल्यावरच दराचा लिफाफा फुटतो. ही छाननी उरकण्यापुरती केली, तर दोष कमी दराचा नाही.

दर वाजवीपेक्षा फारच कमी असेल तर? संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय व्यापार कायदा आयोगाच्या २०११ च्या नमुना कायद्यात अशी निविदा नाकारायची मुभा आहे, मात्र आधी ठेकेदाराकडून लेखी खुलासा मागवायचा. इटलीने एके काळी सोपा उपाय काढला होता : सरासरीपेक्षा ठरावीक प्रमाणाहून खाली गेलेली निविदा आपोआप बाद. तेव्हा ठेकेदारांनी संगनमत करून भाराभर निविदा टाकल्या आणि सरासरीच हवी तिकडे सरकवली. तुरीन शहराने २००३ मध्ये ती पद्धत सोडली.

मला विचाराल तर ठेकेदाराचा दर अंदाजपत्रकाच्या, म्हणजे नगरपालिकेने आधी काढलेल्या कामाच्या खर्चाच्या, ३० टक्के खाली आला की मी आधी अंदाजपत्रकच पुन्हा काढून बसतो. कधी ते फुगवलेलं निघतं. कधी त्यात याहून बारीक गोष्ट सापडते. समजा, गटाराच्या कामात कठीण खडकाची खोदाई १० घनमीटर दाखवली आहे. खाली खडकच खडक आहे आणि २०० घनमीटर तरी निघणार, हे त्या भागात काम केलेल्या ठेकेदाराला ठाऊक असतं. तो त्या एका बाबीला चौपट दर लावतो आणि बाकीच्या बाबींचे दर पाडतो. बेरजेत तोच सर्वांत खाली राहतो. पुढे खडक लागतो, प्रमाण वाढतं, चौपट दराने बिल निघतं, आणि कागदोपत्री बोट ठेवायला जागा नसते. चूक झाली ती जमिनीची चाचणी न घेता टेबलावर बसून आकडा लिहिला तेव्हा.

प्रश्न : मी पहिल्यांदाच नगरसेविका झाले आहे. खरेदीच्या प्रत्येक फाइलमध्ये तीन दरपत्रकं असतात. म्हणजे स्पर्धा झाली असं समजायचं का?

नाही. तीन कागद आले, एवढंच समजायचं. एका फाइलमध्ये मला तीन दुकानांच्या दरपत्रकांत 'प्लॅस्टिक' हा शब्द एकाच पद्धतीने चुकलेला दिसला होता. कागद तीन, टंकणारा एक. बेरजेतली सारखीच चूक, सगळे दर एकाच टक्क्याने चढे, अनामतीचे धनाकर्ष (डिमांड ड्राफ्ट) एकाच शाखेतून पाठोपाठच्या क्रमांकांचे, हरलेल्यालाच नंतर पोटठेका, किंवा कामं ठरल्यासारखी आळीपाळीने मिळणं, या खुणा शोधा. ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेने निविदांमधल्या संगनमतावर २००९ मध्ये मार्गदर्शिका काढली, तीत अशाच खुणांची यादी आहे. जपानमध्ये या प्रकाराला 'दांगो' हा शब्दच रूढ आहे, म्हणजे दुखणं एकट्या कुणाचं नाही.

दुसरी गोष्ट तुकड्यांची. ठरावीक रकमेच्या वर निविदा बंधनकारक असते, म्हणून एकाच रस्त्याचे तीन तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा त्या मर्यादेच्या जरासा खाली बसतो. एक फाइल पाहून हे कळत नाही. वर्षभराच्या बिलांची यादी मागा, ती आधी पुरवठादारानुसार आणि मग तारखेनुसार लावून घ्या. एकाच आठवड्यात, एकाच नावाने, मर्यादेला टेकलेल्या रकमा दिसल्या की विचारा. मात्र प्रत्येक तुकडा पापाचाच असतो असं नाही. लांब लांबची छोटी दुरुस्तीकामं वेगळी काढली तर लहान ठेकेदारांनाही वाव मिळतो. फाइलवर तसं कारण लिहिलंय का, ते पाहा.

प्रश्न : जलवाहिनी फुटली तरी निविदेची वाट पाहायची?

नाही, तातडीच्या कामाला सगळीकडे सूट असते. पण ती पाणी सुरू होईपर्यंतच. त्याच आदेशात पुढची अर्धा किलोमीटर वाहिनी बदलून घेतली तर ती तातडी नव्हे. शहाणी नगरपालिका नेहमी लागणाऱ्या पाइपांचे आणि मजुरीचे दर वर्षाच्या सुरुवातीलाच निविदा काढून ठरवून ठेवते.

प्रश्न : नवा रस्ता दोन महिन्यांत पाइपसाठी खोदला. यांना एकमेकांशी बोलता येत नाही का?

बोलतात हो, पण पैसे वेगवेगळ्या खिशांतून येतात. रस्त्याचा निधी एका लेखाशीर्षातला, पाण्याचा दुसऱ्या. दोन्हींची मंजुरी वेगळ्या महिन्यांत येते, आणि वर्ष संपताना निधी परत जाईल या धास्तीने जो हातात आहे तो आधी खर्ची पडतो. बऱ्याचदा तो रस्त्याचाच असतो. यावर पुढच्या तीन वर्षांच्या सगळ्या खात्यांच्या कामांचा एकच नकाशा, आणि नव्या रस्त्यावर ठरावीक काळ खोदाईबंदी, एवढाच उपाय मला ठाऊक आहे. बंदी मोडणारी पहिली बहुधा नगरपालिकाच असते, हेही सांगून ठेवतो. शिवाय चर बुजवताना माती थराथराने दाबली नाही, तर वरचा डांबराचा पट्टा कितीही छान असो, तो खचतोच.

प्रश्न : आमच्या गल्लीत काँक्रीटचा रस्ता झाला. सामान्य माणसाने काय तपासायचं?

करारापासून सुरुवात करा. स्लोव्हाकियात २०११ पासून सार्वजनिक करार प्रसिद्ध झाल्याशिवाय लागूच होत नाही. तुमच्याकडे इतकी सोय नसेल, तर कराराची, मोजमाप पुस्तकाची आणि चाचणी अहवालांची प्रत मागा. मोजमाप पुस्तकात लांबी, रुंदी, जाडी लिहिलेली असते. लांबी-रुंदी तुम्ही टेपने मोजू शकता. मुरतं ते जाडीत. ४०० मीटर लांब आणि ५ मीटर रुंद रस्ता २० सेंटिमीटर जाड असेल तर काँक्रीट लागतं ४०० घनमीटर. जाडी १७ भरली तर ३४०. उरलेल्या ६० घनमीटरांचे पैसे गेले, काँक्रीट आलंच नाही. वरून काही दिसत नाही, म्हणून छिद्र पाडून काढलेल्या नमुन्यांचा अहवाल मागायचा आणि नमुन्यांची जागा कुणी निवडली हेही विचारायचं. ठेकेदाराने निवडली असेल तर अहवाल वाचायची घाई नको.

मग ठोकळ्यांचे अहवाल. कामावरचंच काँक्रीट साच्यात भरून ठोकळे करतात आणि नंतर ते यंत्रात दाबून फोडून बघतात. काँक्रीटची ताकद सर्वसाधारणपणे २८ दिवसांच्या ठोकळ्यावर ठरवतात. ७ दिवसांची चाचणी फक्त अंदाज देते. म्हणून ठोकळा भरल्याची, तो फोडल्याची आणि अंतिम बिल दिल्याची अशा तीन तारखा शेजारी शेजारी लिहून काढा. बिलाची तारीख आधीची निघाली, तर ताकद कळण्याआधीच पैसे दिले गेले आहेत.

शेवटी, ठेकेदाराने रस्त्याची फुकट दुरुस्ती करायची मुदत कधी संपते ते करारात बघून ठेवा. त्याची सुरक्षा अनामत तोवर नगरपालिकेकडे असते. मुदत संपायच्या दोन महिने आधी गल्लीतून चक्कर मारा, भेगांचे फोटो काढा, लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तोंडी तक्रार फाइलला लागत नाही, आणि फाइलवर काही नसलं की अनामत परत जाते.