औषधांची लक्ष्ये : खुली माहिती कोठे पाहावी?

प्रश्न : मी एम. फार्म.चा विद्यार्थी आहे. एखादे औषध शरीरातील कोणत्या प्रथिनावर काम करते, याची विश्वसनीय माहिती पैसे न भरता कोठे मिळेल?

उत्तर : सुरुवात ‘गाइड टू फार्माकॉलॉजी’पासून करावी. एडिनबरा विद्यापीठातून चालवल्या जाणाऱ्या या संग्रहातील नोंदी विषयतज्ज्ञ निवडतात आणि तपासतात, त्यामुळे तो आटोपशीर असला तरी भरवशाचा आहे. तेथे प्रोप्रॅनोलॉल शोधल्यास ते बीटा-१ आणि बीटा-२ या दोन्ही रिसेप्टरांना (पेशींवरील संदेश स्वीकारणाऱ्या प्रथिनांना) रोखते, हे आकड्यांसह दिसते. श्वासनलिकांमध्ये बीटा-२ रिसेप्टर असतात हे ठाऊक असले, की दमेकऱ्यांना हे औषध का टाळतात तेही उमगते.

शोधनिबंधांतील मोजमापे मोठ्या संख्येने एकत्र हवी असल्यास केंब्रिजजवळील युरोपीय जैवमाहिती संस्थेचा, २००९ पासून खुला असलेला ‘केम्बल’ हा माहितीसंग्रह पाहावा. मात्र स्पर्धात्मक अवरोधकाचे, म्हणजे एन्झाइमवर सब्सट्रेटची (एन्झाइम ज्यावर क्रिया करते त्या पदार्थाची) जागा अडवणाऱ्या रेणूचे, आयसी-५० मूल्य (क्रिया निम्म्यावर आणण्यास लागणारी संहती) प्रयोगात सब्सट्रेट किती वापरले यावर अवलंबून असते, म्हणून निरनिराळ्या प्रयोगशाळांचे आकडे सरसकट शेजारी मांडू नयेत. नवख्यांची गल्लत, माझ्या मते, येथेच अधिक होते. नोंदीसोबत मूळ शोधनिबंधाचा संदर्भ असतो. तो उघडून प्रयोगाची पद्धत आधी वाचावी.