बेकारभत्ता मिळाला की माणूस कामावर जात नाही का?

वाचकांचे अर्थप्रश्न

अमेरिकेतला आणीबाणीचा बेकारभत्ता आणि त्याचे परिणाम यावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

कोविडच्या काळात अमेरिकेत लोकांना पगारापेक्षा जास्त भत्ता घरबसल्या मिळत होता, हे खरं आहे का? खरं असेल तर कोण कशाला कामावर जाईल? (एक वाचक, नाशिक)

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आहे. दुसऱ्याचं उत्तर मात्र वाटतं तितकं सरळ नाही.

अमेरिकेत बेकारभत्ता मुळात राज्यं देतात. तो आधीच्या पगाराच्या साधारण निम्मा असतो, त्यालाही कमाल मर्यादा असते आणि बहुतेक राज्यांत तो २६ आठवडे मिळतो. २७ मार्च २०२० रोजी झालेल्या ‘केअर्स’ या कोविड-मदतीच्या कायद्याने त्यावर केंद्राकडून आठवड्याला सरसकट ६०० डॉलर चढवले. आता हिशेब करा. आठवड्याला ६०० डॉलर कमावणाऱ्या वेटरला राज्याकडून ३०० मिळत असतील, तर वरचे ६०० धरून ९०० झाले, म्हणजे पगाराच्या दीडपट. आठवड्याला १,२०० कमावणाऱ्या तंत्रज्ञाला राज्याचे ५०० धरले, तर मिळाले १,१००. पगारापेक्षा कमीच. शिकागो विद्यापीठातले पीटर गॅनाँग, पास्कल नोएल आणि जोसेफ वाव्रा यांनी ही गणितं देशभरासाठी मांडली. पात्र कामगारांपैकी ७६ टक्क्यांचा भत्ता जुन्या पगारापेक्षा जास्त भरत होता.

असं वेडंवाकडं का केलं? ज्याचा जितका पगार बुडाला तितकाच भरून द्यावा, हा मूळ विचार होता. पण राज्यांच्या कचेऱ्यांतल्या कित्येक संगणक प्रणाली कोबोल भाषेत लिहिलेल्या, काही दशकं जुन्या. प्रत्येकाचा वेगळा हिशेब त्यांच्याकडून वेळेत होणार नव्हता. मग सरासरी पगार आणि सरासरी भत्ता यांतली तफावत काढली आणि तीच रक्कम सगळ्यांना लावली. सरासरीला बेतलेला सदरा कमी पगारवाल्यांना ढगळ होणारच होता.

आता कामावर जाण्याचं. गॅनाँग आणि सहकाऱ्यांनी बँक खात्यांच्या नोंदींवरून पाहिलं की जुलै २०२० अखेर ६०० डॉलर बंद झाल्यावर किती लोक कामावर रुजू झाले. प्रमाण वाढलं, पण थोडंसंच. इतक्या मोठ्या रकमेसाठी जुन्या अभ्यासांवरून जेवढा परिणाम अपेक्षित होता, त्याच्या तो जवळपासही नव्हता. कारणं तीन. एक, कामच नव्हतं. एप्रिल २०२० मध्ये बेकारीचा दर १४.७ टक्के होता. दोन, त्यातले सुमारे १ कोटी ८० लाख लोक ‘तात्पुरते कमी केलेले’ होते. मालकाने बोलावलं की परत जायचं, असं त्यांचं होतं. बोलावल्यावर सबळ कारणाशिवाय नकार दिला तर नियमाप्रमाणे भत्ता बंद होतो. तीन, भत्ता चार महिन्यांचा आहे आणि नोकरी चार वर्षांची असू शकते, हे वेटरलाही कळतं.

तरी या नियमांत एक जागा अशी होती, जिथे माणूस खरोखर अडखळत होता, आणि तिच्याकडे फार कमी टीकाकारांनी पाहिलं. अर्धवेळ काम मिळालं तर बहुतेक राज्यं थोडी कमाई माफ करून पुढची भत्त्यातून वजा करतात. केंद्राचा नियम असा की राज्याचा एक डॉलर भत्ता जरी देय असला तरी ६०० पूर्ण मिळणार, आणि तो शून्यावर गेला की ६०० पूर्ण बुडणार. म्हणजे आठवड्यात चार तास जास्त काम केल्यावर राज्याचा भत्ता शून्य झाला, तर त्या चार तासांची किंमत वजा ६०० डॉलर. अशा वेळी माणूस चार तास नको म्हणतो. याला आळस म्हणणं म्हणजे आपण घातलेल्या खड्ड्यात कोणी पडला तर त्याला वेंधळा म्हणणं.

२००८ च्या मंदीनंतर अमेरिकेत भत्ता ९९ आठवड्यांपर्यंत नेला होता. काही शोधनिबंध म्हणतात त्याचा परिणाम नगण्य, काही म्हणतात प्रचंड. विद्यार्थ्याने कोणावर विश्वास ठेवायचा? (अर्थशास्त्राची विद्यार्थिनी, पुणे)

आधी ९९ कसे झाले ते पाहा, कारण वादाचं मूळ तिथेच आहे. राज्याचे २६ आठवडे. जून २००८ च्या कायद्याने आलेली केंद्राची आणीबाणीची मदत चार टप्प्यांत २०, १४, १३ आणि ६, मिळून ५३. आणि १९७० पासून चालत आलेली वाढीव मुदत २०. शेवटचे टप्पे सगळ्यांना नव्हते. राज्यातला बेकारीचा दर ठरावीक पातळीच्या वर असेल तरच ते सुरू व्हायचे. चौथ्या टप्प्यासाठी काही काळ ही पातळी ८.५ टक्के होती.

इथेच गोम आहे. जिथे बेकारी जास्त, तिथेच आठवडे जास्त. नुसती तुलना केली तर ‘जास्त आठवडे म्हणजे जास्त बेकारी’ असंच दिसणार. दवाखान्यांजवळ आजारी माणसं जास्त दिसतात तसं ते आहे. म्हणून सगळी कसरत आहे ती कारण आणि परिणाम वेगळे काढण्याची.

अर्थतज्ज्ञ जेसी रोथस्टाइन यांचा २०११ चा अंदाज असा की मुदतवाढीमुळे त्या वर्षाच्या सुरुवातीला बेकारीचा दर ०.१ ते ०.५ टक्का-बिंदूंनी वाढला (दर ८.५ वरून ९ टक्के झाला, तर ती ०.५ टक्का-बिंदूंची वाढ). बेकारी तेव्हा ९ टक्क्यांच्या आसपास होती. त्यातही महत्त्वाचं हे की या वाढीचा किमान निम्मा भाग नोकरी नाकारणाऱ्यांचा नव्हताच. भत्त्यासाठी काम शोधत राहण्याची अट असते. भत्ता संपला की हताश माणूस शोध सोडतो आणि सरकारी व्याख्येप्रमाणे ‘बेकार’ राहत नाही. भत्ता चालू असेल तर तो शोधत राहतो आणि मोजला जातो. दर वाढतो, पण एकही नोकरी वाया गेलेली नसते. परीक्षेत हा मुद्दा लिहायला विसरू नका.

उलट बाजूला हॅगेडॉर्न, काराहान, मानोव्स्की आणि मिटमन. त्यांनी राज्यांच्या सीमेवरच्या शेजारी परगण्यांची तुलना केली आणि मोठा परिणाम काढला. त्यांचा युक्तिवाद कामगाराच्या आळसाचा नाहीच, हे लक्षात घ्या. भत्त्यामुळे कामगार जास्त पगार मागतो, मालकाचा नफा घटतो, म्हणून तो नव्या जागाच कमी काढतो, असं ते म्हणतात. डिसेंबर २०१३ अखेर केंद्राची मदत बंद झाली आणि सुमारे १३ लाख लोकांचा भत्ता एका झटक्यात तुटला. २०१४ मध्ये रोजगार चांगला वाढला, तेव्हा हॅगेडॉर्न, मानोव्स्की आणि मिटमन यांनी त्यातल्या १८ लाख नोकऱ्यांचं श्रेय या कपातीला दिलं. त्याच पद्धतीत रोजगाराची दुसरी आकडेवारी घातली की हा निष्कर्ष टिकत नाही, हे अरिंद्रजित दुबे यांनी दाखवलं.

आम्हाला सर्वांत पटणारा अभ्यास कोडोरो-राइख, कोग्लियानीज आणि काराबार्बुनिस यांचा, २०१९ चा. राज्यांचे बेकारीचे दर आधी घाईत जाहीर होतात आणि नंतर दुरुस्त होतात. घाईच्या आकड्यावर काही राज्यांना जे जादा आठवडे मिळाले, ते दुरुस्त आकड्याप्रमाणे मिळायलाच नको होते. म्हणजे अर्थव्यवस्था सारखी, फक्त मोजणीच्या चुकीने आठवडे वेगळे. अशा राज्यांची तुलना केली तर २६ वरून ९९ आठवडे केल्याने बेकारी जास्तीत जास्त ०.३ टक्का-बिंदूंनी वाढते, असं निघालं. ऑक्टोबर २००९ मध्ये ती १० टक्के होती. यावरून तुमचं मत तुम्ही बनवा. आमचं बनलेलं आहे.

आमच्या फाउंड्रीत माणसं मिळत नाहीत. अमेरिकेत काही राज्यांनी भत्ता मुदतीआधी बंद केला होता. मग माणसं कामावर आली का? (एक कारखानदार, कोल्हापूर)

आली, पण थोडी. केंद्राचा जादा भत्ता डिसेंबर २०२० पासून ३०० डॉलर होता आणि तो ६ सप्टेंबर २०२१ पर्यंत चालणार होता. मालकांची तक्रार तुमच्यासारखीच होती. अलास्का, आयोवा, मिसिसिपी आणि मिझुरी यांनी १२ जूनलाच तो थांबवला. नंतर आणखी राज्यं त्यांत आली, मिळून एकूण राज्यांपैकी जवळपास निम्मी.

काइल कूम्ब्स, दुबे आणि इतरांनी बँक खात्यांवरून त्या लोकांचा माग काढला. भत्ता थांबवणाऱ्या राज्यांत, इतर राज्यांच्या तुलनेत, भत्ता घेणाऱ्यांचं प्रमाण ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत ३५ टक्का-बिंदूंनी घटलं आणि नोकरी असणाऱ्यांचं ४.४ टक्का-बिंदूंनी वाढलं. म्हणजे भत्ता सुटलेल्या आठ जणांत जेमतेम एकाला त्यामुळे काम मिळालं. आठवड्याला माणशी सरासरी २७८ डॉलरचा भत्ता गेला, कमाई वाढली १४ डॉलरने आणि खर्च कमी झाला १४५ डॉलरने. खर्चातली ही घटही मालकमंडळींनी ध्यानात घ्यावी.

तुमच्या फाउंड्रीला मात्र हा धडा लागू नाही. तुमच्या कामगाराला अमेरिकेसारखा भत्ता मिळतच नाही. माणसं येत नसतील तर पगार, भट्टीजवळची उष्णता, पाळ्या आणि राहण्याची सोय यांत कारण शोधावं लागेल.

भत्ता संपण्याच्या आठवड्यातच लोकांना बरोबर नोकरी कशी मिळते? (एक वाचक, नागपूर)

ही शंका चाळीस वर्षांपूर्वीच्या अमेरिकी आकड्यांतून आली आणि तिच्यात तथ्य आहे. लॉरेन्स कॅट्झ आणि ब्रूस मायर यांच्या १९९० च्या अभ्यासात भत्ता संपताना कामावर जाण्याचं प्रमाण उसळलेलं दिसतं. त्यांच्या हिशेबाने भत्त्याचा एक आठवडा वाढवला की बेकारीचा काळ सरासरी ०.१६ ते ०.२० आठवड्याने, म्हणजे साधारण एका दिवसाने वाढतो. पण कार्ड, चेट्टी आणि वेबर यांनी ऑस्ट्रियाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा उसळी मुख्यतः ‘यादीतून नाव गेलं’ याची निघाली. नोकरी लागण्यातली उसळी त्या मानाने किरकोळ होती. भत्ता संपल्यावर कचेरीत हजेरी कोण देणार!

राज चेट्टी यांचा २००८ चा निबंध इथे उपयोगी पडतो. भत्त्यामुळे नोकरी लागायला जो उशीर होतो, त्यातला सुमारे ६० टक्के भाग हाताशी रोकड असल्यामुळे होतो. घरभाडं थकलेला माणूस पहिली मिळेल ती नोकरी धरतो, थोडा श्वास घ्यायला मिळालेला आपल्या कामाची शोधतो. या उशिराला तोटा समजायचं कारण नाही.

उशीर कमी करायचाच असेल तर भत्ता तोडण्याखेरीजही वाट आहे. १९८४ मध्ये इलिनॉयमध्ये प्रयोग झाला. ११ आठवड्यांत नोकरी मिळवून ती चार महिने टिकवली तर ५०० डॉलर बक्षीस. भत्त्याचा काळ सरासरी एका आठवड्याहून थोडा जास्त घटला.

मी न्यू जर्सीत एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहे. पगारातून बेरोजगारी विम्याचे पैसे कापले जातात. नोकरी गेली तर भत्ता मिळेल का? (एक वाचक, एडिसन)

साधारणपणे नाही. कामगाराच्या पगारातूनही वर्गणी घेणारी राज्यं तीनच, अलास्का, न्यू जर्सी आणि पेनसिल्वेनिया, त्यामुळे तुमची तक्रार समजण्यासारखी आहे. पण भत्त्याची अट असते की माणूस लगेच दुसरीकडे काम करायला मोकळा हवा. एच-वन-बी एका मालकाशी बांधलेला असतो. नोकरी गेली की जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत मिळते. त्यात नव्या मालकाने अर्ज दाखल करणं, व्हिसाचा दर्जा बदलणं किंवा देश सोडणं, यांतलं काहीतरी व्हावं लागतं. दिवस नोकरी संपल्यापासून मोजले जातात. नोकरीवरून काढताना कंपनी देते ती जादा पगाराची रक्कम मिळत राहिली म्हणून ते पुढे सरकत नाहीत. इथे बऱ्याच जणांची गल्लत होते.

ग्रीन कार्ड असलेल्यांनी, किंवा जोडीदाराच्या व्हिसावर स्वतंत्र काम-परवाना असलेल्यांनी मात्र जरूर अर्ज करावा. ‘सरकारवर भार’ ठरून पुढे ग्रीन कार्ड अडेल ही भीती अनेकांना असते. बेरोजगारी विमा त्यात धरला जात नाही. तो कमावलेला हक्क मानतात.

आपल्याकडे असं काही आहे का? माझी भोसरीतली नोकरी गेली, पगार १८ हजार होता आणि ईएसआय (राज्य कामगार विमा) कापला जायचा. (एक वाचक, पिंपरी-चिंचवड)

आहे, पण लहान. राज्य कामगार विमा महामंडळाची ‘अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना’ १ जुलै २०१८ पासून आहे. सुरुवातीला सरासरी रोजच्या कमाईच्या २५ टक्के मिळत. २४ मार्च २०२० पासून ते ५० टक्के झाले, ९० दिवसांपर्यंत, आणि ती सवलत पुढे वाढवत नेली. अर्जाआधी शाखा कार्यालयात चालू दर विचारून घ्या. हिशेब असा: दोन वर्षांची कमाई ४,३२,०००, भागिले ७३० म्हणजे रोजचे सुमारे ५९२ रुपये. त्याचे निम्मे २९६, गुणिले ९० म्हणजे साधारण २६,६०० रुपये. २५ टक्क्यांनी निम्मे, १३,३०० च्या आसपास. आयुष्यात एकदाच मिळतात.

शिथिल नियमांत किमान दोन वर्षांची विमापात्र नोकरी आणि नोकरी जाण्याआधीच्या वर्गणी-काळात (ईएसआयचा सहा महिन्यांचा टप्पा) किमान ७८ दिवसांची वर्गणी लागते. अर्ज नोकरी गेल्यावर ३० दिवसांनी करता येतो, आणि मालकाच्या शिफारशीशिवाय थेट महामंडळाच्या पोर्टलवरून. गैरवर्तनासाठी काढलेल्याला, निवृत्त झालेल्याला किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्याला मिळत नाही. मध्येच नोकरी लागली तर तोपर्यंतचे दिवस धरतात.

अडतं कुठे, तर नोंदीत. मालकाने पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख टाकलेली नसते, किंवा आधारवरचं नाव आणि विमा क्रमांकावरचं नाव जुळत नाही. नोकरी जाताच, ३० दिवस व्हायची वाट न पाहता, या दोन्ही गोष्टी पोर्टलवर तपासा, आणि तारीख नसेल तर मालकाला लेखी कळवून पोच ठेवा.